पालथी पिसं

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला की माझी बायको भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणायची, "जावा. आलं बोलावणं." पलीकडून मेस्त्री नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नसत. "सायब, हात मोकळं हाईत का?" एवढंच विचारत. मी मोकळा आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. माझी पाठ धरलेली असो, घरी पाहुणे असोत, मटण शिजत असो, त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना माझे दोन हात हवे असत, आणि हात यायचे म्हणजे उरलेला मीही येणार, म्हणून ते मला चहा देत.

माझं काम धरायचं होतं. घार, घुबड, शिक्रा, ससाणा, जे काही कुणी पोत्यात घालून आणून टाकलेलं असेल ते मांडीवर घेऊन धरायचं आणि मेस्त्रींनी ते दुरुस्त करायचं. नऊ वर्षं मी हे केलं. मला पक्ष्यांचं वेड होतं असा कुणाचा गैरसमज होऊ नये. मला आजही शिक्रा आणि ससाणा लांबून नीट ओळखता येत नाहीत. मी जात होतो, कारण नाही म्हणायला जेवढी ताकद लागते तेवढी माझ्यात रविवारी सकाळी नसायची. आणि ते काम संपणारं नव्हतं. पतंगांचे दिवस आले की मांजाने कापलेल्या घारी, ऊसतोड सुरू झाली की फडात सापडलेली घुबडाची पिल्लं, बाकी वर्षभर विजेच्या तारा होत्याच. एक पक्षी सोडला की दोन येत. सोडलेला मागे वळून बघत नसे, आणि त्याने बघू नये म्हणूनच तर सगळा आटापिटा.

आम्ही दोघं एमआयडीसीतल्या एकाच फौंड्रीतून रिटायर झालो. ते पॅटर्न शॉपमध्ये मेस्त्री होते. ज्या आकाराचं लोखंड ओतायचं त्याचा आधी लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबला की साचा पडतो. ते नमुने मेस्त्री करायचे. मी तपासणीत होतो. त्यांच्या नमुन्यावरून निघालेला माल मापायचा आणि चुकला असेल तर परत पाठवायचा, ही माझी नोकरी. माणसं जोडण्याची ही रीत नव्हे. मी कधीच साहेब नव्हतो, पण माल परत गेला की ते पॅटर्न शॉपच्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "सायबांची नजर हाय बाबा! घरात बायकूच्या भाकरीला बी पट्टी लावत असंल ह्यो माणूस." तेव्हापासून मी सायब झालो. पण कितीही ओरडले तरी ते नमुना उचलून आत नेत आणि दुसऱ्या दिवशी तो बरोबर होऊन येई. चूक दाखवली म्हणून त्यांनी माझ्याशी अबोला धरला, असं तीस वर्षांत एकदाही झालं नाही.

पहिली घार नोकरीत असतानाच आली. आवारातल्या तारेला मांजात अडकून लोंबत होती आणि आम्ही सगळे खाली उभे राहून मोबाईलवर तिचे फोटो काढत होतो. मेस्त्रींनी वायरमनच्या मागे लागून लाईन बंद करून घेतली, शिडी लावली, अंगातला शर्ट काढून त्यात तिला गुंडाळली, खाली आणली आणि समोर मी दिसलो म्हणून माझ्या हातात दिली. "धरा." मी तिच्या चोचीवर नजर ठेवून धरली, आणि तिने पायाची नखं माझ्या अंगठ्यात रुतवली. मी बोंबललो.

"चोचीला काय भिताय?" मेस्त्री उघड्या अंगाने म्हणाले. "पायाला भ्या. चोच खायाला हाय, पाय माराया हाय."

पुढे त्यांनी मला धरायला शिकवलं. "घट्ट धरलं की दम कोंडतोय. सैल धरलं की पंख मोडतोय. अंगठा छातीवर ठेवा, खाली धडधड लागली पायजे. पाखरू जखमंनं मरत न्हाय सायब, धास्तीनं मरतंय. जेवडा येळ आपल्या हातात, तेवडं त्येचं आयुष्य कमी." हे ते प्रत्येक वेळी सांगत, जसं काही मी आजच आलोय.

पक्ष्याला नाव द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. "नाव दिलं की हाक माराविशी वाटती. हाक मारली की त्ये माणसाजवळ येतंय. माणसाजवळ आलं की मेलंच." म्हणून पक्षी जिथून आला त्या गावावरून ते त्याला ओळखत. गारगोटी म्हणजे एक घुबड होतं, कुरुंदवाड म्हणजे घार. एकदा आम्ही दोघं शहर बसमध्ये होतो आणि ते मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बायकोला सांगत होते, "गगनबावड्याचं काय खरं न्हाय बघ. सकाळपास्नं मान टाकलीया." पुढचा माणूस वळून म्हणाला, "पावणं, काय झालंय ओ गगनबावड्याला? घाट बंद हाय का? पोरगी दिलीया तिकडं." मेस्त्री त्याला म्हणाले, "घाट चालू हाय. पोट बंद हाय." त्या माणसाने उतरेपर्यंत आमच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

घर शहराच्या कडेला, उसाच्या रानाला लागून होतं. मागे लांबट गोठा. एके काळी त्यात दोन म्हशी होत्या. मेस्त्रींनी त्या विकल्या, गोठ्याला चारी बाजूंनी जाळी मारली आणि पक्ष्यांना पंख चालवून बघायला जागा केली. वहिनींनी ह्याबद्दल त्यांना कधी माफ केलं नाही. मी गेलो की चहाचा कप पुढ्यात आदळून त्या म्हणायच्या, "भाऊजी, तुमी शिकल्यालं हाईसा, सांगा मला. जगात कुणी म्हस इकून घारी पाळल्यात का वो? फ्रिजात बघा, खालच्या खणात कोंबडीची मेली पिल्लं, वरच्या खणात उंदीर आन् मधी माझं दही. मी दही खातो का न्हाय त्ये माझं मला ठावं." एकदा त्यांच्या माहेरचे एक पाहुणे खर्डा शोधत फ्रिज उघडून बसले आणि त्यांनी नेमका वरच्या खणातला स्टीलचा डबा काढला. ते पुन्हा आले नाहीत. वहिनी महिनाभर मेस्त्रींशी भांडल्या आणि मग एक दिवस मला हळूच म्हणाल्या, "त्येवडं मातूर बरं झालं." मेस्त्री गावाला गेले की पिल्लांना भरवायचं काम वहिनीच करत. चिमट्याने, डोक्यावरून पोत्याची खोळ घेऊन, म्हणजे पिल्लांना माणसाचं तोंड दिसू नये. त्या खोळीच्या आत त्या नवऱ्याला काय काय म्हणत असतील ते पिल्लांनाच माहीत.

मोठ्याने मात्र म्हणत नसतील. गोठ्यात बोलायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम होता. जो माणूस बसमध्ये घाट बंद पाडत होता तो गोठ्याच्या दारात पाऊल ठेवलं की मुका होई. फौंड्रीत यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून वर क्रेनवर बसलेल्याला खालून हाताने खुणा करतात. बोट वर म्हणजे उचल. हात पसरून हलवला की हळू. उघडा पंजा समोर धरला की थांब. ह्या खुणा आम्हा दोघांच्या हाडात मुरलेल्या होत्या. तीस वर्षं आवाजापायी केल्या, त्याच मग शांततेपायी केल्या. तासन् तास आम्ही समोरासमोर बसून एका शब्दाशिवाय काम करत असू. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बरोबर हाय, म्हणूनच जाताय तुमी तिथं."

मेस्त्रींचं खरं काम पिसांचं. घारीची पंखातली मोठी पिसं मोडली की नवी यायला वर्षाच्या आसपास जातं आणि तोवर ती पिंजऱ्यात बसून खचते. मेस्त्रींना एवढं थांबणं मान्य नव्हतं. मेलेल्या पक्ष्याची पिसं ते काढून ठेवत. वनखात्याच्या गार्डला ह्याची कल्पना होती, निम्मे पक्षी तोच आणून देत असे. जिवंत पक्ष्याचं मोडकं पीस ते बुडाशी कापत. पिसाची दांडी पोकळ असते. तिच्यात बांबूची काडी बसवायची, काडीच्या दुसऱ्या टोकावर मेलेल्याचं पीस चढवायचं आणि चिकटवून टाकायचं. काडी गोल नाही, तीन धारांची तासायची, नाहीतर पीस आत फिरतं. ती काडी तासताना मी त्यांचे हात बघायचो. सुईपेक्षा थोडी जाड काडी, आणि ते तिला धार काढत असत. मी त्यांचा माल परत पाठवायचो ह्याची मला त्या वेळी लाज वाटायची.

पिसाला डावं-उजवं असतं. चपलेसारखंच. डाव्या पंखाचं पीस उजव्याला लावायचं म्हटलं तर ते पालथं घालावं लागतं, आणि पालथं पीस वारा धरत नाही. म्हणून पिसं चपलांच्या खोक्यांत नीट लावलेली असत. घारीचं खोकं वेगळं, घुबडाचं वेगळं, आणि प्रत्येकात डावी पिसं डाव्या बाजूला, उजवी उजव्या बाजूला, वर्तमानपत्राच्या घड्यांत. खोक्याला पुढची-मागची बाजू नसते, म्हणून कडेला पेन्सिलीने एक बाण काढलेला.

एक पैलवान सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तालमीच्या आवारात एक घार पडली आणि हा शंभर किलोचा गडी तिला टॉवेलात गुंडाळून मोटरसायकलवरून घेऊन आला. आमच्या कोल्हापुरात कुणी अशक्त दिसलं की त्याला दूध पाजतात. माणूस असो की वासरू असो, दुसरा उपाय कुणाला सुचत नाही. पैलवानाने घारीची चोच उघडून तिला धारोष्ण दूध पाजलं होतं, वर बदाम वाटून घातले होते. ते सगळं तिच्या छातीत उतरलेलं. मी तिला धरली आणि पाव तासात ती माझ्या हातात गेली. पैलवान दारात उभा राहून लहान पोरासारखा रडायला लागला. "मेस्त्री, दुधानं गेली का वो? खरं सांगा."

मेस्त्री त्याच्याकडे बघून म्हणाले, "छ्या! दुधानं कुटं जाती? आत हाड मोडून छातीत घुसलंतं तिच्या. तू पाजलंस म्हणून हितवर तरी आली."

तिच्या अंगातलं एकही हाड मोडलेलं नव्हतं. पैलवान डोळे पुसून गेला. जाताना मेस्त्रींनी त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढंच सांगितलं की पुढच्या टायमाला कायबी पाजू नगंस, खोक्यात घाल, अंधार कर आन् फोन कर. त्याने पुढे तीन पक्षी आणले, तिन्ही भोकं पाडलेल्या खोक्यातून, कोरड्या चोचीचे. खोटं बोलून एका माणसाला सावरावं कसं, हे मी त्या दिवशी बघून ठेवलं. नको तिथे वापरायला.

मेस्त्रींचे डोळे कधी जायला लागले ते मला सांगता येत नाही. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. मोतीबिंदू होता, साधं ऑपरेशन होतं, पण झाल्यावर महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं डॉक्टर म्हणाला. मेस्त्री म्हणाले, पतंगाचं दिवस हाईत, आवंदा नगं. मग ऊसतोड होती, मग आणखी काही. वहिनी म्हणायच्या, "चहात साखर म्हणून मीठ घातलं ह्यांनी परवा. प्यालं बी तसंच, वर बरं झालाय म्हणालं." आम्ही हसलो. ते बोटांनी काम करत आणि बोटं बरोबर चालत होती, त्यामुळे मला काही वेगळं दिसलं नाही. किंवा दिसलं आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तपासणीतून रिटायर झालेल्या माणसाला एवढी मोकळीक असावी असं मला वाटत होतं.

कुरुंदवाडची घार त्या दिवसांतली. गार्ड घेऊन आला. उजव्या पंखाची चार मोठी पिसं मांजाने बुडाशी कातरलेली, बाकी पक्षी धडधाकट. हाड शाबूत, भूक चांगली, डोळ्यांत राग. मेस्त्री खूश झाले. "ही सजा न्हाय आपल्याला, बक्षीस हाय. आटवड्यात जाती बघा ही."

रविवारी आम्ही गोठ्यात बसलो. घारीच्या डोक्यावर लहान मुलाच्या पायमोज्याची टोपी चढवली, कापडात गुंडाळून मी तिला मांडीवर घेतलं, उजवा पंख बाहेर काढला, अंगठा छातीवर ठेवला. आदल्या दिवशी वहिनींनी फळी झाडून सगळी खोकी परत लावली होती. घारीचं खोकं उलटं फिरलं होतं. बाण होता, पण पेन्सिलीचा बाण बघायला डोळे लागतात. मेस्त्रींनी उजव्या बाजूला हात घातला आणि डाव्या पंखाचं पीस काढलं. पिसाची अरुंद कड पुढे यायला हवी, ती त्यांनी बोटाने चाचपून पुढे घेतली. पण डाव्याचं पीस उजव्याला लावून कड पुढे घेतली की ते पालथं होतं. पोटाची बाजू वर आली. रंग फिका दिसला, बाक उलटा दिसला. मला ते पहिल्याच पिसाला दिसलं.

मी डावा हात कापडावरून काढला आणि पंजा उघडून त्यांच्या समोर धरला. थांब.

मेस्त्रींचा चेहरा थेट माझ्या हाताकडे होता. ते बघत होते, म्हणजे त्यांचे डोळे तिकडे होते, आणि त्यांनी शांतपणे दुसरी काडी उचलली. माझा पंजा त्यांच्या नाकापासून हातभर लांब होता.

मी तोंड उघडायला हवं होतं. गोठ्यात बोलायचं नाही हे खरं, पण गोठा काही देऊळ नव्हे, आणि तो नियम पक्ष्यासाठी होता, माझ्यासाठी नव्हे. मी स्वतःला म्हणालो, आवाज केला तर घार बिथरेल. दुसऱ्या पिसाला म्हणालो, पालथं असलं तरी पीसच आहे, उडेल कशीतरी. तिसऱ्या पिसाला म्हणालो, आता बोलून काय उपयोग. खरी गोष्ट एवढीच होती की ज्या माणसाचे हात मी तीस वर्षं बघितले त्याला, मेस्त्री, तुम्हाला दिसत नाही, हे सांगणारा मी व्हायचं नव्हतं. मी दमलो होतो. परत पाठवून पाठवून दमलो होतो. चौथं पीस बसलं, त्यांनी कानशिलावरचा घाम पुसला आणि हसून मला खूण केली, झालं. मीही मान हलवली.

गुरुवारी, चिकटवलेलं नीट वाळल्यावर, त्यांनी मला बोलावलं. घार गोठ्यात मोकळी केली. ती एका टोकाच्या बांबूवरून उडाली, अर्ध्यात उजवीकडे झुकली आणि जाळीवर आदळून खाली पडली. पुन्हा उडाली, पुन्हा तशीच पडली. मेस्त्री डोळे मिटून भिंतीला टेकून उभे होते. तिसऱ्यांदा उडाली तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ते ऐकत आहेत. एक पंख गप्प होता आणि दुसरा फटफट वाजत होता. त्यांनी जाऊन तिला उचलली, पंख उघडला आणि पिसांवरून अंगठ्याचं नख फिरवत गेले. एक, दोन, तीन, चार. मग तिला बांबूवर ठेवून बाहेर आले, दाराला कडी घातली.

"कवा दिसलं तुला?" एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"पहिल्याच पिसाला."

"मग?"

"हात केला होता मी. थांब म्हणून."

"मला दिसला न्हाय."

"ते कळलं मला."

वहिनी पलीकडे भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला. मेस्त्री ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तीस वर्सं माझा एक नग चुकीचा सोडला न्हाईस. आन् हिला सोडलीस."

मला राग आला. स्वतःवरचा राग काढायला माणूस हाताशी लागतो. मी म्हणालो, "पैलवानाला तुम्ही काय सांगितलं होतं? तेही खोटंच होतं की."

"त्येची मेलीती," मेस्त्री म्हणाले. "मेल्यावर खोटं बोलावं की. माणसाला बरं वाटतंय, पाखराचं काय जात न्हाय. ही जित्ती हाय."



पिसं काढून पुन्हा बसवायची म्हणजे बुडखा आणखी कापायचा. तो आता आणखी एकदाच कापता येत होता, तिसऱ्यांदा जागा उरणार नव्हती. आणि तासभर तिला पुन्हा हातात धरायचं. पडून पडून ती घाबरली होती, दोन दिवस तिने काही खाल्लं नव्हतं. गार्ड म्हणाला, वर्षभर ठेवू या तशीच. मेस्त्री म्हणाले, न्हाय, चूक आपली हाय, सजा तिला कशापायी?  मध्ये बोलायचा हक्क मी घालवला होता.

पुढचं आधीच सांगून टाकतो. मेस्त्रींचं ऑपरेशन झालं. आता ते पेपर वाचतात, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, मला वाटेत भेटले की तब्येतीची चौकशी करतात. गोठ्यात वहिनींनी म्हैस आणली. खोकी गार्ड घेऊन गेला. रविवारी फोन येत नाही. मी बायकोला म्हणतो, सुटलो एकदाचा, आणि ती भाजी निवडत राहते.

पिसं पुन्हा बसवायची होती त्या रविवारी मी लवकर गेलो. गोठ्यात मेस्त्रींनी घारीचं खोकं माझ्यासमोर ठेवलं आणि बाजूला सरकले. मी दाराच्या उजेडात एकेक पीस बघून घेतलं, उजव्याची चार काढली आणि क्रमाने मांडून ठेवली. मग घारीला मांडीवर घेतलं. ती किती हलकी झाली होती ते कापडातूनही कळलं. जुनी पिसं निघाली. पहिलं पीस मी त्यांच्या तळहातावर सुलटं ठेवलं. त्यांनी ते बसवलं. दुसरं बसवलं. काडी पहिल्या फटक्यात आत जात होती. मला वाटलं, जमलं. तिसऱ्या पिसाला माझ्या अंगठ्याखाली धडधड एकदम वाढली. इतकी की ठोके वेगळे कळेनात. मग मध्ये मध्ये जागा पडायला लागली. मेस्त्रींनी हात पुढे केला, मी चौथं पीस दिलं, ते काडीवर चढवायला लागले. तेवढ्यात अंगठ्याखाली काही लागेना. मी अंगठा सरकवून बघितला. नव्हतं.

आता बोलायला हरकत नव्हती.

"मेस्त्री," मी म्हणालो. "गेली."

त्यांचे हात थांबले नाहीत. चौथं पीस त्यांनी बुडाशी नेलं, बसवलं, दाबून धरलं. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणालो. ते म्हणाले, "ऐकलं." मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, पण फिरवायचं कारण नव्हतं, त्यांना दिसणार नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बघ."

मी पंख उघडून दाराच्या उजेडाकडे केला. तिला आता दुखत नव्हतं म्हणून पूर्ण उघडता आला. पहिलं बरोबर होतं. दुसरं, तिसरं बरोबर होतं. त्यांच्याच हिशेबाने आता खोटं बोलायला मला मोकळीक होती.

"चौथं जरा फिरलंय," मी म्हणालो.

"कुणीकडं?"

"आतल्या अंगाला."

चिकटवलेलं अजून ओलं होतं. त्यांनी दोन बोटांत पीस धरलं आणि केसभर बाहेर फिरवलं. बाहेरून वहिनींनी चहाला हाक मारली. आम्ही दोघंही उठलो नाही.

"आता?"

"आता बरोबर आहे."

त्यांनी तरी बोटं काढली नाहीत.